हॉटेलचं वायफाय आणि सासूबाईंचा एक प्रश्न



यंदा दशलक्षणात आम्ही नागपूरला होतो, हे मंडळातल्या बऱ्याच जणींना ठाऊक आहे. सासूबाईंचा उजवा गुडघा बदलला. दवाखान्यातून सुट्टी मिळाली, पण टाके निघेपर्यंत जवळच राहा, असं डॉक्टर म्हणाले. म्हणून धंतोलीत, दवाखान्यापासून पाच मिनिटांवर, एका हॉटेलात खोली घेतली. धर्मशाळा का नाही, असं काहींनी विचारलं. लिफ्ट आणि कमोड, ही दोनच कारणं.

परत आल्यावर मात्र सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न गुडघ्याचा नव्हता. "वहिनी, हॉटेलात तुमचं नेट कसं चालत होतं? आम्ही कुठे गेलो की खोलीत काही येतच नाही." संध्याकाळच्या ऑनलाइन स्वाध्यायात तुम्ही मला पाहत होतातच. पहिले दोन दिवस मी अर्धं तोंड उघडून गोठलेली दिसत होते. तिसऱ्या दिवशी एकदम स्पष्ट. चौथ्या दिवसापासून पुन्हा स्पष्टच, पण त्या दोन दिवसांच्या मधे जे घडलं ते कोणालाच माहीत नाही. सांगायला थोडी लाज वाटते, पण सांगण्यासारखं तेच आहे.

आधी नेटची एवढी गरज का होती ते सांगते. लग्न होऊन आल्यापासून सासूबाईंचा नियम आहे, देवदर्शन केल्याशिवाय तोंडात अन्न घालायचं नाही. इतवारीत जुनी जिनमंदिरं आहेत, पण रिक्षात चढणं आणि मंदिराच्या पायऱ्या, दोन्ही त्यांना अशक्य होतं. गोळ्या तर सकाळी साडेआठच्या आत, काहीतरी खाऊनच घ्यायच्या होत्या. मग असं ठरलं की कारंज्याला आमच्या मंदिरात अभिषेक चालू असताना पुतणीने व्हिडिओ कॉल लावायचा आणि आईंनी मोबाइलवर दर्शन घ्यायचं. हे प्रत्यक्ष दर्शन नव्हे, हे त्यांनाही माहीत होतं. त्या म्हणाल्या, "मूर्ती दिसली की मन तिथे जातं. आजारात एवढं चालवून घेते. बरी झाले की प्रायश्चित्त घेईन."

पहिल्या सकाळी भगवंतांचे चौकोनी तुकडे झाले आणि कॉल बंद पडला. आमची खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टच्या पलीकडे, अगदी टोकाला. शांत म्हणून मुद्दाम मागून घेतलेली. खिडकी डक्टमध्ये उघडत होती, त्यामुळे मोबाइलचा डेटाही धड मिळत नव्हता. वायफायची एक काडी यायची, जायची. आईंनी सव्वानऊपर्यंत वाट पाहिली. शेवटी मी मोबाइल घेऊन लिफ्टसमोर उभी राहिले, तिथे अभिषेक नीट दिसला, तो रेकॉर्ड केला आणि आत येऊन दाखवला. दुसऱ्या दिवशी तेच.

मुलाने निघताना माझ्या पर्समध्ये साबणाच्या डबीएवढा एक डबा टाकला होता. ट्रॅव्हल राउटर म्हणतात त्याला. हा डबा हॉटेलचं वायफाय पकडतो आणि आपल्या नावाने पुन्हा पसरवतो. दुसऱ्या रात्री मुलाला फोन लावून मी तो चालू केला.

यात माझी पहिली चूक झाली, ती बहुतेक सगळ्याच करतात. डबा मी पलंगाशेजारी ठेवला, कारण नेट तिथे हवं होतं. काही फरक पडेना. मुलगा म्हणाला, "अगं आई, जिथे काहीच येत नाही तिथे ठेवलास तर तो पुढे काय देणार? येतंय तिथे ठेव." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पंगतीत शेवटच्या माणसापर्यंत वाढप पोचत नसेल, तर मदतीला मधली बाई मध्यावर उभी करतात, शेवटच्या पाटावर नाही. डबा दाराजवळ चपलांच्या स्टँडवर ठेवला. कॉरिडॉरच्या छतावर हिरवा दिवा लागलेला पांढरा गोल डबा होता, तो हॉटेलचा. दोघांमध्ये आता फक्त लाकडी दार होतं. पलंगावर तीन काड्या आल्या.

हॉटेलचं वायफाय सुरू करताना एक पान उघडतं. खोली नंबर टाकायचा, मोबाइलवर ओटीपी येतो. टेबलावर चिठ्ठी होती, 'एका खोलीसाठी दोन मोबाइल'. पण डबा मध्ये घातला की हॉटेलला फक्त डबाच दिसतो. त्याच्या मागे कितीही मोबाइल जोडा, हॉटेलच्या हिशेबी ते एकच. मी माझा मोबाइल जोडला, आईंचा, यांचा, लॅपटॉप आणि टॅब. पाच झाले. त्या संध्याकाळी तुम्हाला मी स्पष्ट दिसले ती अशी.

आणि मग मला हाव सुटली. एवढं चांगलं नेट फुकट मिळतंय, तर घेऊन ठेवू म्हणून वर्षभर ऐकायची प्रवचनं डाउनलोडला लावली. चाळीस व्हिडिओ. लॅपटॉप रात्रभर चालू ठेवून झोपले. प्रवचनंच तर आहेत, सिनेमा थोडाच आहे, असं मनाला सांगितलं.

सकाळी आईंच्या नजरेला तो लुकलुकणारा डबा पडला. "हे काय ठेवलंस चपलांवर?"

मी कौतुकाने सगळं समजावलं. हॉटेलला एकच मोबाइल दिसतो, हे तर जरा जास्तच कौतुकाने. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "विचारलंस का?"

"कोणाला?"

"ज्यांचं आहे त्यांना."

मी म्हटलं, "आई, नेट खोलीच्या भाड्यातच आहे. आणि ते हवेतच पसरलेलं असतं, मी काही कोणाच्या कपाटातून काढलं नाही." वर माझ्याकडे शास्त्राचा आधारही होता. अमृतचंद्राचार्यांच्या पुरुषार्थसिद्ध्युपायाचा स्वाध्याय आम्ही दोघींनी मिळून केलाय. दुसऱ्याच्या विहिरीचं पाणी वगैरे न विचारता घेणं ज्या गृहस्थाला सोडता येत नाही, त्याने निदान बाकीचं न दिलेलं घेणं तरी सोडावं, असा त्यात भाव आहे. मी म्हटलं, "हे विहिरीच्या पाण्यासारखंच समजा ना."

आई शांतपणे म्हणाल्या, "विहिरीवर कोणी चिठ्ठी लावत नाही, दोनच घागरी भरा म्हणून. इथे लावलेली आहे. आणि तू पाच भरल्यास, वर त्यांना एकच दिसावी अशी सोय केलीस. न विचारता घेणं एक, आणि लपवून घेणं दुसरं. अशा नेटवर मी भगवंतांचं दर्शन घेऊ? खाली जाऊन विचारून ये. मी थांबते."

आठ वाजून गेले होते. गोळीची वेळ डोक्यावर. खरं सांगते, मला राग आला. दोन दिवस लिफ्टसमोर उभी राहून मी त्यांच्यासाठीच धडपडत होते, आणि बक्षीस म्हणून हे. पण त्या उपाशी बसणार हे पक्कं होतं, म्हणून पाय आपटतच खाली गेले.

काउंटरवर माझ्या आधी एक मुलगी उभी होती. चोवीस-पंचवीसची असेल, गाउनवर शाल घेतलेली, एका हाताने पोट धरून. बालाघाटकडची. सिझेरियन होऊन तिला सुट्टी झाली होती, पण बाळ अजून काचेच्या पेटीत होतं. नवरा दवाखान्यात थांबायचा आणि दूध पाजायच्या वेळी काचेबाहेरून व्हिडिओ कॉल लावून तिला बाळ दाखवायचा. ती काउंटरवरच्या मुलाला सांगत होती की काल रात्रीपासून कॉल सारखा तुटतोय, रात्री दोन वाजता आणि पहाटे पाच वाजता बाळ दिसलंच नाही. तिची खोली आमच्याच मजल्यावर, दोन दारं सोडून.

माझ्या पोटात खड्डा पडला. चाळीस प्रवचनं आठवली.

मॅनेजर आले तेव्हा तिच्यासमोरच मी सगळं सांगून टाकलं. ते चिडले नाहीत. त्यांनी कॉम्प्युटरवर पाहिलं. तिसऱ्या मजल्यावर रात्रभर सगळ्यात जास्त नेट आमच्या खोलीने ओढलं होतं. ते म्हणाले, "ताई, आणखी एक झालं. तुमचा डबा आमच्याकडून हवेतून घेतो आणि हवेतूनच पुढे देतो, म्हणजे प्रत्येक गोष्ट दोनदा बोलली जाते, तीही आमच्याच चॅनेलवर. एक डबा बोलत असला की बाकीच्यांना थांबावं लागतं."

म्हणजे पंगतीत वाढणारीचा हात एकच. त्याच हाताने घ्यायचं आणि त्याच हाताने वाढायचं, म्हणून वेग निम्म्यावर येतो, हे मला मुलाने सांगितलं होतं. पण माझ्या घाईमुळे बाकीच्या पंगतीचं वाढप अडतं, हे मला सुचलंच नव्हतं. सगळा दोष माझ्या डब्याचाच होता असं मॅनेजरही म्हणाले नाहीत. पण मी वर जाऊन डाउनलोड बंद केलं, डबा काढला, आणि थोड्या वेळाने त्या मुलीने दार वाजवून सांगितलं की कॉल लागला. मी माफी मागितली. ती म्हणाली, "कोई बात नहीं, आंटी," आणि मला बाळ दाखवलं. मुठीएवढं तोंड, डोक्यावर लोकरीची टोपी.

दोनच मोबाइलचा नियम का, हे मॅनेजरनी नंतर सांगितलं. २००८ च्या जुलैमध्ये अहमदाबादला बॉम्बस्फोट झाले, त्याच्या काही मिनिटं आधी धमकीचा ईमेल गेला होता. तपासात निघालं की तो नवी मुंबईतल्या एका परदेशी माणसाच्या घरच्या उघड्या वायफायवरून पाठवला गेला होता. त्या माणसाचा स्फोटांशी संबंध नव्हता, पण चौकशीचा ससेमिरा त्याच्या मागे लागलाच. त्यानंतर २००९ मध्ये सरकारने वायफाय देणाऱ्यांना ग्राहकाची ओळख घेण्याच्या सूचना दिल्या. म्हणून तो ओटीपी. आपण डबा लावून त्याच्यामागे कोणालाही जोडलं, तर नाव आपलं आणि जबाबदारी हॉटेलचीही. लपवून घेणं दुसरं, असं आई म्हणाल्या होत्या ते मला तेव्हा कळलं.

आता गंमत ऐका. मी विचारल्यावर मॅनेजर स्वतः वर आले, टीव्हीचं टेबल पुढे ओढलं आणि मागे भिंतीत इंटरनेटच्या वायरचं सॉकेट निघालं. टीव्ही हलवल्यापासून ते तसंच झाकलेलं होतं. खालून ते सुरू केलं, वायर आणून दिली आणि म्हणाले, "तुमचा डबा याला लावा. आता तो हवेतून घेणार नाही, वायरीतून घेईल. पासवर्ड ठेवा, बाहेरच्या कोणाला देऊ नका, आणि मोठं डाउनलोड नको." पाचही मोबाइलची परवानगी दिली. जास्तीचे पैसे विचारले, तर नको म्हणाले. त्या दिवसापासून तुम्हाला मी शेवटपर्यंत स्पष्ट दिसले. न विचारता जे मिळवलं होतं, त्यापेक्षा विचारून मिळालेलं चांगलं चाललं.

प्रवासात तुम्हालाही ही अडचण येणारच, म्हणून मला कळलं तेवढं लिहून ठेवते.

खोलीत गेल्यावर आधी कॉरिडॉरमध्ये हॉटेलचा डबा कुठे आहे ते पाहा, बहुधा छताला असतो. तुमच्या आणि त्याच्यामध्ये काय आहे ते मोजा. लाकडी दार, साधी भिंत यातून लहरी जातात. १८९५ साली कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये जगदीशचंद्र बोस यांनी अशाच न दिसणाऱ्या लहरी भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखवली होती. पण लिफ्टचं लोखंड, काँक्रीटमधल्या सळ्या, मोठे आरसे, पाण्याची टाकी हे सगळं वाट अडवतं. शांत खोली मागताना आम्ही लिफ्टमागची खोली मागितली, तिथेच घात झाला. नेट महत्त्वाचं असेल तर खोली घेतानाच तसं सांगा.

बऱ्याच हॉटेलांत वायफायची दोन नावं दिसतात, एकाच्या शेवटी ५जी असं लिहिलेलं असतं. मोबाइलचं फाइव्ह-जी वेगळं, हे म्हणजे ५ गिगाहर्ट्झ. ते वेगवान, पण भिंतीपुढे लवकर दमतं. दुसरं २.४ गिगाहर्ट्झचं, हळू पण दूर जाणारं. टोकाच्या खोलीत दुसरं घ्या. आपल्या स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हही साधारण याच २.४ च्या पट्ट्यात चालतो, म्हणून घरी राउटर त्याच्या शेजारी ठेवू नका.

डबा विकत घ्यायच्या आधी घरात काय आहे ते बघा. बऱ्याच अँड्रॉइड मोबाइलमध्ये वायफाय चालू असतानाच हॉटस्पॉटही लावता येतो, म्हणजे जुना मोबाइल दाराजवळ ठेवून तेच काम होतं. आयफोनला हे जमत नाही, तो फक्त आपला मोबाइल डेटा वाटतो. विंडोज १० किंवा ११ असलेल्या लॅपटॉपलाही जमतं. डबा घेतलाच तर वायर लावायची सोय असलेला घ्या आणि खोलीत सॉकेट आहे का ते विचारा. वायरीचं नेट सगळ्यात चांगलं, आणि शेजारच्यांची हवा त्यात अडत नाही. वायर नसेल तर डबा अर्ध्या वाटेवर, जिथे सिग्नल अजून चांगला आहे तिथे ठेवा. पासवर्ड नक्की घाला. बँकेचे व्यवहार मात्र हॉटेलच्या नेटवर करू नका, त्यासाठी आपला डेटा वापरा.

आणि या सगळ्याच्या आधी काउंटरवर विचारा. "डबा लावू का? इतके मोबाइल आहेत, चालेल का?" एवढंच. नाही म्हणाले तर नाही. लिफ्टसमोर उभं राहून दर्शन घेता येतं, मी दोन दिवस घेतलंच होतं.

अचौर्य अणुव्रत आपण सगळ्याच म्हणतो. मला वाटायचं, हे व्रत आपल्याला सोपं आहे, आपण कुठे चोरी करतो? आईंनी पुस्तक न उघडता दाखवलं की चोरी म्हणजे कपाट फोडणं नव्हे, न दिलेलं घेणं. आणि ज्या दिवशी मी प्रवचनांची रास लावून झोपले, त्याच्या दुसऱ्या दिवशी उत्तम शौच धर्माची पूजा होती. लोभ सोडायचा दिवस. पूजेची पुस्तिका माझ्या हातात होती.

त्या सकाळी दर्शन नऊच्या पुढेच झालं. वायरीच्या नेटवर भगवंतांचे तुकडे झाले नाहीत. आई हात जोडून बराच वेळ पाहत राहिल्या, मग दोन घास मऊ भात खाऊन गोळी घेतली. मला वाटलं, आता काहीतरी चांगलं बोलतील. म्हणाल्या, "गोळी उशिरा झाली, डॉक्टरांना सांगून ठेव. आणि ती प्रवचनं घरी गेल्यावर आपल्या नेटवर उतरव. ऐकायची आहेतच."

पौर्णिमेला आम्ही समृद्धी महामार्गाने घरी आलो. दुसऱ्या दिवशी क्षमावणी. सगळ्यांना फोन झाल्यावर मी बालाघाटच्या त्या मुलीलाही लिहिलं की माझ्यामुळे दोन वेळा तुला बाळ दिसलं नाही, मला क्षमा कर. तिला वाटलं मी काहीतरी विसरले, कारण माफी तर मागून झाली होती. तिने उलट विचारलं, "आंटी, नानीजी का घुटना कैसा है?" आणि खाली बाळाचा फोटो, घरचा, टोपीशिवाय.

तुम्हां सगळ्यांनाही, लिहिताना कुठे कोणाचं मन दुखावलं असेल तर, उत्तम क्षमा.